दांडीची सायकल

आमच्या लहानपणी बेळगावात सायकलींच्या दोनच जाती होत्या. एक दांडीची आणि दुसरी बिनदांडीची. दांडीची बाबांची आणि दादाची, बिनदांडीची ती 'लेडीज'. मी टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या सायकलीवर शिकले, तीही अर्थात बिनदांडीचीच. दादाच्या सायकलीला कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. त्याने तिचं मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर सगळं काढून टाकलं होतं, हँडल उलटं बसवलं होतं आणि तिला तो ऐटीत 'रेसर' म्हणायचा. गणपतीतल्या शर्यतीत त्याच सायकलीवर त्याने एकदा स्टीलचा डबा जिंकला. तो डबा वहिनीकडे अजून रव्यासाठी वापरात आहे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी दांडीची सायकल घेतली. तीही साधी नव्हे. खाली वळलेल्या हँडलची, पातळ टायरची, शर्यतीत पळालेली, जुनी. घरचे हसले, शेजारच्या काकू हसल्या, शाळेतली मुलं तर अजून हसतात. पण ती निवडताना जे तीन-चार महिने गेले, जे पैसे बुडाले आणि जे शहाणपण आलं, ते सांगावंसं वाटतं. कारण हल्ली सकाळी कॅम्पातून हिंडलग्याच्या बाजूला सायकलवर जाणारे पुष्कळ दिसतात आणि त्यातले दोन-चार जण तरी मला विचारतात, "बाई, अशी जुनी कुठे मिळते हो?"

२०२२च्या दिवाळीनंतर रक्त तपासलं तेव्हा साखर निघाली. आमच्या आईचा शेवट याच दुखण्याने झाला. आधी पाय, मग डोळे, मग मूत्रपिंड. तिच्या डायलिसिसच्या फेऱ्या मी केलेल्या आहेत, त्यामुळे डॉक्टरांनी 'रोज तासभर चाला' म्हटल्यावर मी दुसऱ्याच दिवशी चालायला लागले. पंधरा दिवसांत उजवा गुडघा सुजला. मग डॉक्टर म्हणाले, पोहा नाहीतर सायकल चालवा, त्यात गुडघ्यावर अंगाचा भार पडत नाही. पोहायला मला येत नाही. उरली सायकल.

आमच्या ह्यांचं म्हणणं सरळ होतं. दुकानात जायचं, पंधरा हजारांची नवी गिअरची सायकल घ्यायची, वॉरंटी कार्ड घ्यायचं, विषय संपला. मी गेले आणि चालवूनही पाहिली. जाड टायर, पुढे स्प्रिंगचा चिमटा, वजन १६-१७ किलो. घरच्या तीन पायऱ्या चढवतानाच दम लागला. त्याच आठवड्यात आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी त्यांची जुनी पोलादी रेसर मैदानावर एक फेरी मारायला दिली. ती माझ्या मापाची नव्हती, पाय जेमतेम पोचत होते, पण पहिलं पायडल मारताच ती जी सुळकन पुढे गेली, तो अनुभव काही वेगळाच होता. अशी सायकल १०-११ किलोंची असते. त्या रात्री मी ह्यांना सांगून टाकलं, घेईन तर असलीच.

जुनी म्हणजे किती जुनी, याला काही नियम नाही. इटलीत गायओले नावाच्या गावी १९९७ पासून 'लेरोइका' नावाची जुन्या सायकलींची फेरी निघते, तिथे साधारण १९८७ पूर्वीच्या सायकलींना मान. गिअरच्या कळा खालच्या तिरक्या दांडीवर हव्यात आणि ब्रेकच्या तारा हँडलच्या वरून उघड्या गेलेल्या हव्यात, असे त्यांचे नियम आहेत. त्यामागे कारण आहे. १९८४ साली शिमानो कंपनीने खटखट करत नेमक्या दात्यावर बसणारा गिअर शर्यतीच्या सायकलींना आणला आणि १९९०मध्ये गिअरची कळ ब्रेकच्या मुठीतच गेली. त्याआधीच्या सायकलीवर हात हँडलवरून काढून खाली न्यायचा, कळ अंदाजाने सरकवायची आणि चेन दात्यावर बसली की नाही ते कानाने ओळखायचं. नवख्याला हे अवघड वाटतं. मला दोन दिवस लागले. रेडिओचं बटण फिरवून स्टेशन लावलेल्या आमच्या पिढीला त्यात काय मोठंसं!

खरं अवघड वेगळंच होतं. नवखा माणूस सायकलीचं नाव बघतो, रंग बघतो, चकचकीत भाग बघतो. मीही तेच केलं.

पहिली सायकल म्हापशाची. माझ्या नणंदेच्या शेजारी एक निवृत्त तारवटी राहतात. बोटीवर असताना त्यांनी फ्रान्समधून एक सायकल आणली होती, पांढरी, काळ्या जोडांची. फोटोत अशी दिसत होती की मी चोर्ला घाटातून बसने थेट म्हापसा गाठलं. निघण्यापूर्वी शहापुरातल्या आमच्या सायकलवाल्या मामांना सांगायला गेले. मामांची मुलगी माझी विद्यार्थिनी, त्यामुळे ते मला 'बाई' म्हणतात आणि मी त्यांना 'मामा'. मामा म्हणाले, "बाई, जातासा तर जावा, पण आधी स्वतःचं माप काढा. चप्पल घेताना नंबर बघतासा, मग सायकल घेताना का नको?"

माप असं काढायचं. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन पायांच्या मध्ये एक जाड पुठ्ठ्याची डायरी जांघेपर्यंत घट्ट वर घ्यायची आणि डायरीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. माझं भरलं ७५ सेंटिमीटर. त्याला ०.६६ने गुणलं की साडेएकोणपन्नास येतात. म्हणजे पायडलच्या ॲक्सलच्या मध्यापासून सीटची नळी जिथे संपते तिथपर्यंतचं अंतर साधारण ४८ ते ५० सेंटिमीटर असलेली फ्रेम माझी. गुणाकार अगदी काटेकोर नव्हे, पण दिशा दाखवतो. शेवटची परीक्षा दांडीवर उभं राहूनच होते. चप्पल-बूट घालून दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले असताना दांडी आणि आपण यांच्यात दोन-तीन बोटांची फट राहिली पाहिजे.

म्हापशाची सायकल ५८ची होती. दांडीवर उभी राहिले आणि काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तरीही मोह सुटेना. सीट खाली केली तर जमेल असं वाटून मी तारवटीकाकांना सीट खाली घ्यायला सांगितली. नट सैल केला, तेल सोडलं, दोघांनी पिळून पाहिली. हलली नाही. अॅल्युमिनियमची दांडकी लोखंडी नळीत वर्षानुवर्षं न हलवता ठेवली, त्यात गोव्याची खारी हवा, की दोन धातू एकमेकांना धरून बसतात. मग ते सोडवणं म्हणजे कधीकधी करवतीचं काम. म्हणून कुठलीही जुनी सायकल पैसे देण्यापूर्वी सीट आणि हँडल दोन्ही सैल करून वर-खाली करून पाहावं. विकणाऱ्याने 'कशाला, कशाला' म्हटलं तर चहा पिऊन परत यावं. तारवटीकाका बिचारे म्हणाले नाहीत, त्यांनीच हसून नाद सोडला.

परत आल्यावर मामांनी आणखी एक गोष्ट सांगितली. जुन्या फ्रेंच सायकलींचे आटेच वेगळे. पायडलच्या ॲक्सलची वाटी इंग्रजी पद्धतीत इंचाच्या मापाची, फ्रेंच पद्धतीत ३५ मिलिमीटरची. हँडलचा दांडा इंग्रजी २२.२, फ्रेंच २२.० मिलिमीटर. दिसायला फरक शून्य, पण एकाचं दुसऱ्याला चालत नाही आणि सुटा भाग शोधत फिरावं लागतं. "उद्यमबागेत लेथवर करून मिळंल की," आमचे हे मध्येच म्हणाले. बेळगावच्या माणसाचा उद्यमबागेवर फार विश्वास. मामा म्हणाले, "मिळंल ओ साहेब. पण बाईंना सायकल चालवायची हाय का कारखाना?"

दुसऱ्या सायकलीची गोष्ट सांगताना अजून वाईट वाटतं. शेजारच्या एका गावातल्या दुकानदाराकडे निळी रेसर होती. नवा रंग, नवी चकाकी आणि फ्रेमवर 'रेनॉल्ड्स ५३१'चा कागद. तोवर मी एवढं वाचलं होतं की बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीची ही ५३१ नळी १९३५ साली आली आणि पुढे कित्येक वर्षं शर्यतीची उत्तम सायकल म्हणजे याच नळीची, असा लौकिक होता. या नळीची भिंत टोकांना, जिथे जोड येतो तिथे, जाड आणि मध्ये पातळ असते. आपलं लाटणं मध्ये जाड आणि टोकांना निमुळतं असतं ना, त्याच्या बरोबर उलट, आणि तेही आतल्या अंगाने. त्यामुळे ताकद तीच राहून वजन कमी होतं. आमच्यासारख्यांना एवढं कळलं की आपण पंडित झालो असं वाटतं. माप जुळत होतं. दुकानदार म्हणाला, सकाळपासून तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. मी दोन हजार विसार देऊन आले.

रविवारी मामांना घेऊन गेले. मामांनी सायकल चालवली तर नाहीच, आधी उन्हात नेली. मग बसकण मारून पुढच्या नळीच्या मागे, जिथे वरची आणि खालची दांडी येऊन मिळतात, तिथे खालच्या बाजूने अंगठा फिरवला. मला म्हणाले, "बाई, तुम्ही फिरवा." मी फिरवला. मोदकाच्या पारीला चिमटा राहावा तशी एक बारीक सुरकुती हाताला लागली. डोळ्याला दिसत नव्हती. मग मामांनी खिशातून फ्रिजच्या दारावर लावतात तसं चुंबक काढलं. ते दांडीवर सगळीकडे चिकटत होतं, पण त्या सुरकुतीच्या वरच्या बाजूला सरकून खाली पडत होतं. खाली लोखंड नव्हे, पुट्टी होती. सायकल कधीतरी समोरून जोरात आदळली होती. चिमटासुद्धा बाजूने पाहिल्यावर कळत होता. चांगला चिमटा पुढच्या नळीच्या रेषेतच खाली येतो आणि टोकाशी पुढे वळतो, हा थोडा मागे रेटल्यासारखा होता. राहिला कागद, तो तर कुणीही छापून चिकटवतं.

अशी सायकल उतारावर कधी दगा देईल सांगता येत नाही. मामा एवढंच म्हणाले, "ही घेऊन राजहंसगड उतरला असता तर मी तुमच्या घरी कुठल्या तोंडानं आलो असतो?" दुकानदाराने विसार परत केला नाही. वाद घालण्यात अर्थ नव्हता, पावतीवर 'परत मिळणार नाही' असं मीच वाचून सही केली होती.

महिनाभर मी सायकलीचं नाव काढलं नाही. सकाळी शाळेभोवती चालायचं, गुडघ्याला पट्टा बांधायचा, संध्याकाळी शेकायचं. मार्चमधल्या तपासणीत साखर आधीपेक्षा वाढलेलीच निघाली. डॉक्टर म्हणाले, आता गोळी एकाची दोन. घरी येऊन आईच्या फोटोसमोर बसले होते, तेवढ्यात मामांचा फोन आला. "बाई, जमखंडीकडं एक हाय."

आपल्या या भागाबद्दल एक सांगायला हवं. विजापूर, बागलकोट, जमखंडी या पट्ट्याने देशाला किती सायकलपटू दिले याची आपल्याला बेळगावात बसून कल्पना नसते. ऊस, ज्वारीच्या रानातून सपाट, सरळ रस्ते आणि शेतकऱ्यांची काटक पोरं. विजापूरला सायकलपटूंसाठी क्रीडा वसतिगृह आहे. तिथून राष्ट्रीय स्पर्धांना जाणारी मुलं-मुली वर्षानुवर्षं निघत आली. साहजिकच त्या बाजूच्या घरांत जुन्या शर्यतीच्या सायकली आहेत. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गोठ्यात. त्या बाजारात येत नाहीत, तोंडातोंडी कळतात.

ही गोठ्यातली होती. मालक एके काळी शर्यतीत पळालेले, आता शेती बघतात. माझ्याच वयाचे असतील. "बर्री, कुंद्री," म्हणून त्यांनी घोंगडी अंथरली, ताक दिलं, मग पोराला सांगून सायकल बाहेर आणवली. पाहून माझा चेहरा पडला. रंग कधीकाळी लाल असावा. जागोजागी पोपडे, तांबेरा, टायरना भेगा, हँडलवरची पट्टी उंदरांनी खाल्लेली. कंपनीचं नाव खरवडलेलं. फक्त सीटच्या नळीवर एक अर्धा कागद शाबूत होता, 'टांगे' असं नाव. मामांनी विचारलं, "टांगा? घोड्याचा?" टांगे ही जपानी नळ्या करणारी कंपनी, हे मी वाचलं होतं, तेवढं एकच ज्ञान त्या दिवशी माझं कामी आलं.

मामांनी रंगाकडे पाहिलंच नाही. अंगठा फिरवला, गुळगुळीत. चुंबक सगळीकडे चिकटलं. चिमटा सरळ. मग त्यांनी माझ्याकडून शिवणाचा जाड दोरा मागून घेतला. मागच्या चाकाचा ॲक्सल ज्या खाचेत बसतो, त्या डाव्या खाचेला एक टोक बांधलं, दोरा पुढे नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा घातला आणि मागे आणून उजव्या खाचेला ताणून बांधला. आता सीटच्या नळीपासून डावीकडचा दोरा किती लांब आणि उजवीकडचा किती, ते पट्टीने मोजलं. दोन्हीकडे सारखं, फरक मिलिमीटरभर. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त निघाला असता तर फ्रेम वाकडी समजायची. इतकी सोपी परीक्षा, दोन रुपयांचा दोरा, आणि मी दोन हजार घालवून बसले होते.

तांब्याबद्दल मी विचारलं. मामांनी नाणं घेऊन खरवडलं, खाली लख्ख लोखंड. वरवरचा तांबेरा पॉलिश पेपरने जातो. जोडापाशी किंवा ॲक्सलच्या घराखाली पोखरलेला, फुगलेला असेल तर सोडून द्यायची. सीटची दांडकी फिरली, हँडल फिरलं. चाकं उचलून फिरवली, मागचं थोडं 'आउट' होतं, तारा आवळून निघण्यासारखं. पुन्हा चुंबक काढून रिमला लावलं, चिकटलं नाही. म्हणजे रिम अॅल्युमिनियमची. हे आपल्याकडे फार महत्त्वाचं. जुन्या स्वस्त सायकलींना क्रोमची लोखंडी रिम असते, ती पावसात ओली झाली की ब्रेकची रबरं नुसती घसरतात. बेळगावचा जून ते सप्टेंबर ज्याने काढलाय, त्याला आणखी सांगायला नको. रिमचं मापही पाहिलं. जुन्या रेसरना कधी २७ इंची चाक असतं, ते ६३० मिलिमीटरचं. हल्ली सगळीकडे मिळतं ते ७००चं, म्हणजे ६२२ मिलिमीटर. साध्या दुधवाल्याच्या सायकलीचं २८चं टायर यातल्या कशालाच चालत नाही, त्याचं ६३५. ही ७००ची होती.

चेन मात्र गेलेली. ती मोजायची पद्धत मला फार आवडली. १२ इंची लोखंडी पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवायचा, चेन नवी असेल तर पंचविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. इंचाचा सोळावा भाग पुढे गेली तर चेन बदलायची, आठवा भाग गेली तर मागच्या चक्राचे दातेही झिजलेले असणार. इथे त्याहून पुढे गेली होती. मामा मालकांना म्हणाले, "लई पळवलीया हो." मालक लाजले.

किमतीची घासाघीस व्हायच्या आधी त्यांनीच मला एक प्रश्न विचारला, कानडीत. चालवणार की लटकवणार? मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, एका हॉटेलवाल्याने भिंतीवर लावायला मागितली होती, जास्त पैसे देत होता, त्याला दिली नाही. मी गुडघ्याचं आणि साखरेचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे एकदा, सायकलीकडे एकदा पाहिलं आणि नऊ हजार म्हणाले. मी एक रुपया कमी करून मागितला नाही. ह्यांनी डोळ्यांनी खूण केली, तरीही नाही.

नऊ हजारांत सायकल आली असं समजू नका. जुनी सायकल घेणाऱ्याने जेवढी किंमत तेवढाच खर्च वेगळा बाजूला ठेवावा. माझा झाला ७,८५०. टायर-ट्यूबलाच बावीसशे गेले. बाहेरून बरी दिसणारी जुनी टायरं ठेवण्याचा मोह अजिबात करू नये. ब्रेकच्या तारा, रबरं, चेन, मागचं फ्रीव्हील हे ओघाने आलंच. हँडल मी नवं घेतलं, जुनं सरळ असूनही. लोखंड वाकून, कुरकुरून सूचना देतं. अॅल्युमिनियम थकलं की एखाद्या दिवशी काही न सांगता तुटतं, आणि हँडल तुटलं तर माणूस सरळ तोंडावर. सीट बदलली, कारण शर्यतवाल्या पुरुषाची ती सुरीसारखी सीट माझ्या कामाची नव्हती. बायकांना मागे थोडी रुंद सीट लागते, ते लाजून चालत नाही, दुकानात स्पष्ट सांगावं.

सर्वांत जास्त डोकं गिअरवर लागलं. शर्यतीची सायकल सपाटीवर पळणाऱ्या तरण्या पोरासाठी केलेली. पुढे ५२ आणि ४२ दात्यांची चक्रं, मागचं सर्वांत मोठं २१चं. म्हणजे सर्वांत हलक्या गिअरमध्येसुद्धा पायडलच्या एका फेरीत ती सव्वाचार मीटर पुढे जायची. चढावर एवढं ओढताना माझ्या गुडघ्याचा भुगा झाला असता. मामांनी पुढचं लहान चक्र ३९चं मागवलं आणि मागे २८पर्यंतचं फ्रीव्हील बसवलं. मागचा गिअर एवढं मोठं चक्र पेलतो का ते आधी पाहूनच, सगळेच पेलत नाहीत. आता एका फेरीत तीन मीटरही जात नाही, पण पाय हलके फिरतात. गुडघ्यासाठी हीच गोष्ट मोलाची. जोर थोडा, फेऱ्या जास्त. आणि सीट पुरेशी उंच. टाच पायडलवर ठेवून पायडल पार खाली नेलं की पाय सरळ व्हायला हवा, मग चवडा ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी जमिनीला पाय टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात आणि मग म्हणतात, सायकलने गुडघे दुखतात.

या सगळ्यात रंगाला पैसेच उरले नाहीत. तांबेरा काढून मामांनी त्या जागी काळं लाल काहीतरी फासलं. लांबून देवीच्या अंगावर फोड आल्यासारखी दिसते. ह्यांनी हिशेब केला, १६,८५० आणि म्हणाले, "नवी पंधरात येत होती." मी म्हटलं, "आणि तो दोन हजारांचा विसारही धरा."

जून २०२३मध्ये, पावसाच्या आधी, पहिल्यांदा रस्त्यावर आले. डोक्याला हेल्मेट, पंजाबी ड्रेसची ओढणी घरी ठेवली, सलवारीला खाली रबरबँड. चेनकव्हर नसलेल्या सायकलीवर सैल कपडा म्हणजे अपघाताला आमंत्रणच. पहिल्या दिवशी काँग्रेस रोडने जाऊन परत, चार किलोमीटर. दुसऱ्या दिवशी सर्व अंग दुखत होतं, फक्त गुडघा सोडून.

जमखंडीच्या मालकांना अधूनमधून फोन करते. पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. 'मागचं चाक पुन्हा आउट झालं नाही ना' हा असतो. मी फोटो पाठवला तेव्हा नवं हँडल त्यांना आवडलं नाही असं मला वाटलं, पण ते तसं म्हणाले नाहीत.

ऑक्टोबरमध्ये, भातं पिवळी पडल्यावर, एका रविवारी येळ्ळूरच्या वाटेने राजहंसगडाकडे निघाले. येळ्ळूर गेलं, चढ सुरू झाला. ३९वर चेन टाकली, मग मागे २८वर. कळ कानाने बसवली. दोन वळणं चढले. तिसऱ्या वळणावर श्वास संपला, उतरले आणि सायकल हातात धरून चालायला लागले. समोरून डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई उतरत होती. थांबली, सायकलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पंक्चर झाली काय ओ?"

"सायकल नाही," मी म्हटलं, "मीच झालेय."

ती भाऱ्याखालून खदखदून हसली आणि म्हणाली, "बसा की मग घटकाभर, गड कुठं पळून जातोय." मी सायकल दगडाला टेकवली आणि बसले.